बिनमापाचा डगला

२० ऑगस्ट

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. केंद्रावर फोनला रेंज नाही आणि घरचा फोन तू काढून टाकलास, मग करणार काय? आमचा मासे आणणारा गाडीवाला आठवड्यातून दोनदा शहरात जातो, त्याच्या खिशात हे कोंबलंय. कागदाला वास येत असेल तर नाक धरून वाच.

काम आहे. (काम असल्याशिवाय बारकी लिहीत नाही, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकते.) मागच्या आठवड्यात आमच्याकडे पाणमांजराचं पिल्लू आलं, तीन महिन्यांचं. कोणीतरी नदीत माशांसाठी जाळीचा सापळा लावला होता. त्याची आई मासा बघून आत शिरली, बाहेर यायची वाट तिला सापडली नाही आणि ती आतच बुडून मेली. पिल्लू बाहेरून जाळीला धरून दोन दिवस शिट्टी मारत होतं. ही पिल्लं आईला शिट्टीनं हाक मारतात, अगदी आपल्या बाबांसारखी. अजूनही मारतं. मी कानावर उशी घेऊन झोपते.

इथे पिल्लांना नाव ठेवायचं नाही, नंबर द्यायचा. हे सतरा. त्याच्यासमोर एक शब्द बोलायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे त्याला माणसाची ओळख पडता कामा नये. माणसाला सोकावलेलं पाणमांजर नदीत सोडलं की दुसऱ्याच दिवशी काठावरच्या माणसांपाशी जातं आणि काठ्या खातं. म्हणून आम्ही चौघं, म्हणजे डॉक्टरीणबाई, गाडीवाला, माळी आणि मी, एकच डगला आळीपाळीनं घालून आत जातो. तोंड झाकलेलं, हात बाहीत. त्याला वाटलं पाहिजे की एक मोठं काहीतरी येतं, मासा ठेवतं आणि जातं.

तर तो डगला सतरानं फाडला. तुझ्यासारखी कात्री या पंचक्रोशीत कुणाच्या हातात नाही, तेव्हा नवीन शिवून दे. जाड कापड हवं, दात फार आहेत. माप: उंची गाडीवाल्याची, पोट माझं, खांदे डॉक्टरीणबाईंचे.

बाबा कसे आहेत? पुढच्या महिन्यात चक्कर टाकते.

तुझी बारकी


४ सप्टेंबर

बारके,

पुढच्या महिन्यात चक्कर टाकते, हे तू एप्रिलपासून चौथ्यांदा सांगते आहेस. मी मोजत नाही, पण येतं ध्यानात.

सोबत डगला आहे. मापं वाचून तासभर हसले. तिघांची अंगं एका कापडात बसवायची म्हणजे तो डगला नव्हे, तंबू. गळ्याच्या जागी तोंड झाकणारी टोपी, बटणं नाहीत, मुंढे इतके खोल की गाडीवाला आणि माळी एकदम आत मावतील. बाह्या बोटांच्या पुढे वीतभर. जन्मात पहिल्यांदा मी असं काही शिवलं ज्यात माणूस चांगला दिसू नये एवढीच अट होती. कापड घरातच होतं, जाड लोकरीचं, पडून, कमी पडलं तिथे घोंगडी जोडलीय. उलटं करून शिवलंय. आतल्या शिवणी बघत बसू नकोस, घाईत केल्यात.

बाबांचं म्हणशील तर हातपाय पक्षाघाताच्या झटक्यातून बऱ्यापैकी सावरले. डोकं मात्र रेल्वेच्या फाटकावर ड्युटीला आहे. फोन वाजला की 'फाटक बंद केलं' असं सांगून थेट दाराकडे. म्हणून तर फोन काढला. जुलैत दोनदा सटकले. दुसऱ्या वेळी उड्डाणपुलाखाली सापडले. पूर्वी जिथे फाटक होतं तिथेच, रस्त्याच्या मधोमध, हात आडवा करून. समोर हातभर अंतरावर एक ट्रक उभा. ट्रकवाला शिव्या देत होता आणि बाबा त्याला शांतपणे सांगत होते, 'गाडी येऊ दे, मग सोडतो.' दाराला वरती कडी बसवलीय. आता तिची गरज पडत नाही म्हणा, ते दाराकडे जातच नाहीत. सकाळभर घरात काहीतरी शोधत असतात, तेवढंच.

आता माझं काम. मी पण काम असल्यावरच लिहिते, आपण एकाच आईच्या. नाटक कंपनीच्या शिवणघराचं बोलावणं आलंय. त्यांचे म्हातारे मास्तर मार्चअखेर निवृत्त होतायत. पोशाख बेतायची सगळी जबाबदारी माझी, हाताखाली सहाजणी. डिसेंबरात परीक्षा, एक एप्रिलला रुजू. पहिले तीन महिने तिथल्या वसतिगृहात एकटीनं राहायचं, मग दोन खोल्या मिळतात, तेव्हा बाबांना नेईन. तीन महिन्यांचा प्रश्न आहे. एप्रिल, मे, जून. तू येशील ना?

वीस वर्षं मी या खिडकीत बसून लोकांच्या विजारी आखूड करतेय, बारके. मला हे हवं आहे.

ताई


२८ सप्टेंबर

प्रिय ताई,

येईन म्हणजे येईन! हा काय विचारायचा प्रश्न झाला? तोवर सतरा मोठं होईल, मी मोकळी.

आणि तुझा डगला! अगं, ते पिल्लू महिनाभर कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं, नळीनं दूध पाजायची वेळ आली होती. मी नवा डगला घालून आत गेले, नियमाप्रमाणे पाठ करून बसले. पाच मिनिटांत मागून खसफस. दहाव्या मिनिटाला ते काखेत घुसलं आणि झोपलं. शिट्टी बंद! मी दोन तास हलले नाही, पायाला मुंग्या येऊन मुंग्यांची वारुळं झाली. संध्याकाळी त्यानं माझ्या बाहीतून पहिला मासा ओढून घेतला.

आता ते माझ्याच पाळीला खातं. (तुझा डगला मी कुणाला देत नाही, बाकीचे जुनाच टाके घालून वापरतात.) डॉक्टरीणबाई चिडल्यात, म्हणतात तुझा लळा लागतोय, पाळ्या कमी कर. मला मात्र, तुला म्हणून सांगते, आतून गुदगुल्या होतात. मला धरून बसावं असं आजवर कुणाला वाटलंय? बाबांचं सगळं तुझ्याशी, आईचं तुझ्याशी. मी आपली पाहुणी.

परीक्षेला काय शिवायचंय?

तुझी बारकी


९ डिसेंबर

बारके,

परीक्षा झाली. राणीचा झगा बेतायचा होता, कापड मुद्दाम कमी दिलेलं. मी वीतभर उरवून दिलं. मास्तरांनी ती उरलेली पट्टी खिशात घातली आणि निघून गेले. काल पत्र आलं, जागा माझी. दोनदा वाचून शिवणयंत्राच्या खणात ठेवलंय, तिसऱ्यांदा वाचायला आता उठेन.

त्या दिवशी बाबांपाशी शेजारच्या काकूंना बसवलं होतं. चार तासांचाच प्रश्न होता. आले तर काकू जिन्यात बसलेल्या, अंगावर भात. बाबांनी ताट फेकलं. 'मी काय विष घालतेय का गं त्यांना?' म्हणून रडल्या बिचाऱ्या. ते माझ्याच हातून खातात. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की ओठ घट्ट मिटून घेतात. का ते विचारू नकोस, आहे ते असं आहे.

स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत बावीस पावलं आहेत. गॅलरीला जाळी. सकाळी बाबांचं आवरून मी बावीस पावलं जाते, बावीस येते. समोरच्या इमारतीतली एक बाई रोज टाचा वाजवत कामाला जाते, तिच्या स्कर्टची मागची शिवण तिरकी आहे. तीन वर्षं मी ती मनातल्या मनात उसवतेय. काल वाटलं, ओरडून तिला वर बोलवावं आणि कडी लावून घ्यावी. हसू नकोस.

नक्की लिहून कळव. येते, असा एकच शब्द पुरे.

ताई


१७ जानेवारी

प्रिय ताई,

आधी अभिनंदन. मला माहीतच होतं. राणीच्या झग्याची गोष्ट सगळ्या केंद्राला सांगितली, माळी तर म्हणाला आमच्या माशांना पण अंगरखे शिवून आण.

उशीर झाला उत्तराला. लिहायला बसते आणि उठते. ताई, अडचण आहे. सतरा माझ्याशिवाय खात नाही. खरंच नाही. मी नसले तर उपाशी राहील, आणि एवढं वाढवून ते मेलं तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही. सोडायचा मुहूर्तही लांबलाय, डॉक्टरीणबाई उन्हाळ्यानंतर म्हणतात. एप्रिलच्या जागी ऑगस्ट होईल का? कंपनीला विचारून बघ ना. तुझं काम बघितलंय त्यांनी, थांबतील.

तूच सांग, एवढा जीव माझ्यावर टाकलेला असताना मी कशी निघू? हे तुझ्याइतकं कुणाला कळणार?

तुझी बारकी


२५ जानेवारी

बारके,

विचारलं. नाही म्हणाले. दुसरं नाव तयार आहे त्यांच्याकडे.

तुझ्या पिल्लाला सांभाळ.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. पहिली दोन फाडली, कारण त्यांत मी चांगली दिसत होते.

सतरा माझ्याशिवाय खात नाही, हे खोटं आहे. ऑक्टोबरात मी तापानं आठ दिवस पडले होते. गाडीवाला तुझा डगला घालून गेला. ते त्याच्या काखेत घुसलं, त्याच्या बाहीतून मासा खाल्ला आणि झोपलं. मग माळी गेला, तेच. माझी ओळख त्याला कधी नव्हतीच. माणूस दिसू नये म्हणून आम्ही डगला घातला आणि त्यानं डगल्यालाच आई केलं. एवढी नियमांची पोथी लिहिलेली, पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

म्हणजे जानेवारीत तुला लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी इथे लागत नाही, हे मला तीन महिन्यांपासून माहीत होतं.

का लिहिलं तसं? घरी यायची भीती वाटते म्हणून. मागच्या एप्रिलमध्ये आले होते तेव्हा तू औषध आणायला खाली गेलीस, आठवतं? बाबांनी मला बघितलं आणि हात आडवा केला. 'बाई, फाटक बंद आहे, तिकडेच थांबा.' मी अर्धा तास दारातच उभी राहिले. तू आलीस तेव्हा मी हसत होते. तीन महिने त्या घरात, त्यांच्यासमोर, कुणीच नसल्यासारखं राहायचं, हे मला सोसणार नाही असं वाटलं. म्हणून एका मुक्या पिल्लाला पुढे केलं. मारायचं तर मार.

आता दुसरी गोष्ट. सतराची ती सवय मोडायची म्हणून डॉक्टरीणबाईंनी डगला बंद केला. ते दोन दिवस उपाशी राहिलं, शिट्ट्या मारून मारून घसा बसला त्याचा. तिसऱ्या दिवशी तळ्यात उतरून जिवंत मासा स्वतः धरला. आता कुणाकडे बघत नाही. डगला माझ्या खोलीत पडून होता. काल म्हटलं, दातांनी उसवलंय ते नीट करावं. काखेखाली अस्तर सुटलं होतं. त्याच्या आत एक अरुंद खिसा निघाला, बोटभर रुंद, आणि तो निळ्या दोऱ्यानं शिवलेला आहे.

बाबांनी दोन शिट्ट्या हरवल्यावर आईनं हा खिसा लावला होता. काळा दोरा संपला म्हणून निळा. मी बाजूला बसून सुई ओवून दिली होती.

ताई, हा बाबांचा फाटकावरचा कोट आहे ना? सकाळभर ते काय शोधतात, ते मला काल कळलं.

बारकी


२७ फेब्रुवारी

बारके,

हो.

तुझ्यावर रागावायला बसले होते. पण रागावायला आधी स्वतः स्वच्छ असावं लागतं, म्हणून आधी माझं सांगते.

ट्रकचं तुला लिहिलं होतं. त्या दिवशी त्यांना घरी आणलं आणि माझ्या ध्यानात आलं की दोन्ही वेळा अंगात कोट होता. कोट चढवला की ते ड्युटीवर. एरवी दाराकडे बघतही नाहीत. मी कोट कपाटात लपवला, त्यांनी काढला. माळ्यावर टाकला, तर स्टूल घेऊन चढले. तेवढ्यात तुझं पत्र आलं, जाड कापड हवं.

दुपारी ते झोपले होते. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर कोट पसरला. चौतीस वर्षं ऊन-वारा खाल्लेलं कापड, कात्री चालेना. मुंढ्यापाशी दोन्ही हातांनी दाबावी लागली. कपडा उसवताना मला कधी काही वाटलं नाही, धंदाच तो. त्या दिवशी मात्र प्रत्येक चाव्याला मागे वळून बघत होते. निळा खिसा कापवेना, म्हणून तसाच आत दडपला. त्यातली शिट्टी माझ्या कात्रीच्या डब्यात आहे.

ते उठले आणि शोधायला लागले. रात्रीपर्यंत जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी घाबरले. मग म्हटलं, 'कोट धुवायला दिलाय बाबा. जेवलात की मिळेल.' त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

तेव्हापासून दिवसातून तीनदा मी हेच वाक्य म्हणते. सहा महिने. म्हणून ते फक्त माझ्याच हातून खातात. माया वगैरे काही नाही, बारके. काकूंना ते वाक्य माहीत नव्हतं आणि मला त्यांना सांगायची लाज वाटली. तू आली असतीस तरी तुलाही हे सांगावं लागलं असतं, म्हणून खरं तर तुझं 'येत नाही' वाचून मला क्षणभर हायसंच वाटलं. मग दुसऱ्या क्षणी वाटलं, म्हणजे आता आपण मेलो.

लोक म्हणतात, काय सेवा करते बापाची. मी त्यांना कोंडलं आणि त्याच कडीत माझा हात अडकला. आता हे वाक्य थांबवलं तर ते उपाशी राहतील आणि चालू ठेवलं तर मी या बावीस पावलांत म्हातारी होईन. कंपनीला नकाराचं पत्र लिहून ठेवलंय. अजून टाकलेलं नाही. टेबलावर आहे, त्याच टेबलावर.

तुझी भीती मला कळली. ते मलाही ओळखत नाहीत. मी सांगितलं नव्हतं तुला. 'अहो' म्हणतात मला.

ताई


१८ मार्च

ताई,

ते पत्र फाड. आत्ता, हे पुढचं वाचायच्या आधी.

फाडलंस? मी अठ्ठावीसला येतेय. शब्द हवा होता ना तुला एक? येते.

सतरा नदीकाठच्या मोठ्या पिंजऱ्यात गेलंय. सोडण्याची आमची रीत अशी: एके सकाळी पिंजऱ्याचं दार उघडायचं आणि निघून यायचं. हाकलायचं नाही, बोलवायचं नाही. आत मासे ठेवत राहायचं, त्याला परत यावंसं वाटलं तर यावं. आणि ज्यानं वाढवलं त्यानं त्या दिवशी तिथं नसायचं. मी सोडायला असणारच नव्हते, कधीच. ऑगस्टचं मी रचलं होतं.

वाढवणाऱ्याचे कपडेही जाळून टाकतात, वासानं पिल्लू मागे फिरतं म्हणून. डॉक्टरीणबाई डगला भट्टीत टाकायला निघाल्या होत्या. मी पहिल्यांदाच त्यांच्याशी भांडले. शेवटी त्या म्हणाल्या, घेऊन जा, पण नदीच्या उलट दिशेला. चार पाण्यांतून काढलाय, तरी मासा लपत नाही. माझ्या हातानं निळा खिसा आतल्या बाजूला, डावीकडे, पूर्वी होता तिथे परत शिवलाय. टाके बघू नकोस, तुला झोप लागणार नाही.

बाबांना पुन्हा कोट करून देता येणार नाही, हे मलाही कळतं. कापलेलं कापलं. पण जो आहे तो त्यांच्या हातात देऊ. मग ते दाराकडे गेले, तर मी दार उघडीन आणि त्यांच्या मागून चालेन. न दिसता मागे राहायचंच तर शिकलेय मी इथे.

तुला सांगून ठेवते, मला अजूनही भीती वाटते.

बारकी


९ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पोहोचल्याचं पत्र मिळालं. सहाजणींपैकी दोघी तुला घाबरतात हे वाचून बरं वाटलं, उरलेल्या चौघीही घाबरतील. मास्तरांनी ती झग्याची पट्टी तुझ्या टेबलावर ठेवून जावी, यावर मी जरा रडले. तू रडली नसशील.

इथलं सगळं सांगते. तू म्हणालीस गोड करून लिहू नकोस, तर नाही करत.

तू गेलीस त्या सकाळी बाबांनी खायला नकार दिला. मी ते वाक्य म्हटलं नाही. डगला आणून मांडीवर ठेवला. त्यांनी बराच वेळ बघितलं. टोपी उचलली, बाही उचलली, खाली ठेवली. 'हा कुणी बिघडवला?' म्हणाले. मग त्यांचं बोट आत गेलं आणि खिशावर थांबलं. तुझ्या डब्यातली शिट्टी मी त्यात ठेवली होती. त्यांनी ती काढून पुसली, परत ठेवली आणि उठून डगला अंगात घातला. उभे राहिले तर अगदी तुझा तंबू, नाक तेवढं बाहेर. दाराशी गेले.

मी कडी काढली. जिन्यात काकूंनी आम्हाला बघितलं आणि भिंतीला टेकल्या. रस्त्यावर लोक थांबून बघत होते. मी दहा पावलं मागे. पुलाखाली आल्यावर ते रस्त्यात उतरायला लागले, तेव्हा मात्र नियम गेला खड्ड्यात, मी धावले आणि बाही धरली. त्यांनी कडेला उभं राहूनच हात आडवा केला. मोटारी जात होत्या, आम्ही दोघं उभे. पाय दुखायला लागले. काय करावं सुचेना, म्हणून मी म्हटलं, 'बाबा, गाडी गेली.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'गेली?' 'गेली. फाटक उघडा.' त्यांनी हात खाली घेतला आणि सुस्कारा सोडला. अख्ख्या अंगानं सोडला, ताई. जणू मागच्या एप्रिलपासून, छे, त्याच्या आधीपासून तो हात कुणी खाली घ्या म्हणालंच नव्हतं.

घरी येऊन स्वतःच्या हातानं जेवले, डाव्या. अर्धं टेबलावर, अर्धं डगल्यावर. तेव्हापासून रोज सकाळी तेच. परवा मात्र ते मोटारींत शिरले आणि मला ओढून आणावं लागलं, त्यांनी माझ्या मनगटाला नखं लावली. दुपारी मी कडी लावून स्वयंपाकघरात बसले, बावीस पावलं मोजली आणि तुला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील सांगता येत नाही. जुलै खूप लांब आहे. पण मी आहे.

मला ते ओळखत नाहीत. त्यांनी आपल्यापुरतं ठरवलंय की मी बदलीवर आलेली बाई आहे. काल मला हिरवा आणि तांबडा रुमाल झेंडीसारखा कसा धरायचा ते शिकवलं. चांगलं शिकवतात. लहानपणी मला कधी शिकवलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंचं कार्ड आलं. दार उघडून नऊ दिवस झाले. सतरा उंबऱ्यापर्यंत येतं, पाण्याकडे बघतं आणि आत जाऊन झोपतं. दार उघडंच ठेवलंय.

आणि एक शेवटचं. लिहू की नको, असं सकाळपासून चाललंय. काल जेवताना बाबा मध्येच थांबले. स्वयंपाकघराकडे बघून, तू उभी असायचीस त्या जागेकडे, हळूच मला म्हणाले, 'इथे एक बाई होती. तिला कोंडून ठेवलं होतं हो. मला उघडता येत नव्हतं.'

मी टेबलावर सांडलेला भात गोळा करायला लागले.

'सुटली का ती?' त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, 'सुटली, बाबा.'

मग त्यांनी पुढचा घास घेतला.

तुझी बारकी